मदत हवी आहे : सेंच्युरियनच्या बेसची माती तडकतेय

मंडळी, सेंच्युरियन रणगाड्याचं १/३५ स्केलचं प्लास्टिक मॉडेल जोडून झालंय. डिसेंबर १९७१ मध्ये बसंतर नदीजवळ भारतीय लष्कराच्या पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटकडे होते ते हेच रणगाडे; सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा ‘फॅमागुस्टा’ त्यातलाच. रणगाडा मनासारखा झाला, घोडं अडलंय ते बेसवर, म्हणजे त्याच्याखालच्या जमिनीच्या देखाव्यावर.

प्लायवूडवर थर्माकोल, त्यावर चाळलेली माती आणि पाण्यात कालवलेलं फेव्हिकॉल. आमच्या परभणीकडं माती म्हणजे काळीच. ओली असताना ट्रॅकचे (रणगाड्याच्या साखळीपट्ट्यांचे) ठसे असे सुबक उमटतात की बघत राहावं. वाळली की मे महिन्यातल्या रानासारख्या भेगा, आणि कडेनं थर उचलला जातो. वाळू घातली तर भेगा कमी, पण ठसे भुरभुरतात. शिवाय बसंतरकडची माती नदीच्या गाळाची, फिकट. काळी शोभणारच नाही.

मग वॉल पुट्टी वापरू, टाइल्सचं ग्राउट की प्लास्टर? थर किती जाड? रंग आधीच मिसळू की वरून देऊ? चाकांना तोच चिखल लावायचाय, म्हणजे प्लास्टिकला धरेल असं हवं. कृपया हार्डवेअरच्या दुकानात मिळेल तेच सुचवा. ऑनलाइन मागवलेल्या डब्या परवडत नाहीत.