मदत हवी आहे: हरणटोळाच्या जुन्या संग्रहालय-नोंदी नकाशावर कशा मांडायच्या?

नमस्कार मंडळी,

महाराष्ट्रातल्या हिरव्या हरणटोळ सापाचा विस्तार दाखवणारा नकाशा करायला घेतलाय. मुख्य आधार संग्रहालयांतल्या नमुन्यांचा आणि जीबीआयएफवर (जगभरच्या जीवजातींच्या नोंदींचा ऑनलाइन साठा) खुल्या असलेल्या त्यांच्या नोंदींचा. एका जागी काम अडलंय, म्हणून हा धागा.

२०२० पर्यंत सगळं सरळ होतं. हिरवा हरणटोळ दिसला की त्याचं शास्त्रीय नाव अहेतुल्ला नासुटा. त्या वर्षीच्या वर्गीकरणानंतर नासुटा हे नाव फक्त श्रीलंकेतल्या सापाकडे राहिलं. आपल्या द्वीपकल्पाच्या सखल, मोकळ्या भागांतला मोठा, लांब नाकाचा साप ऑक्सिरिंका झाला आणि उत्तर सह्याद्रीच्या जंगलातला लहान चणीचा, आखूड नाकाचा साप बोरिॲलिस. घाटाने दक्षिणेकडे गेलं की फार्न्सवर्थी, मलबारिका, इसाबेलिना या जाती. म्हणजे नासुटा असं लेबल लागलेली महाराष्ट्रातल्या नमुन्याची प्रत्येक जुनी बाटली आता नव्याने ओळखायला हवी.

यावर मला सुचवलेला सोपा उपाय असा: नमुना घाटातला असेल तर बोरिॲलिस म्हणा, पठारावरचा असेल तर ऑक्सिरिंका. मला हे अजिबात पटत नाही. ठिकाणावरून जात ठरवली आणि मग त्याच जातीचा विस्तार नकाशावर काढला, तर आपण आधीच धरून चाललेली गोष्टच नकाशा परत सांगणार. दोन्ही साप जिथे जवळजवळ येतात (खरी उत्सुकता तर तिथलीच आहे) तो पट्टा अशाने आपोआप पुसला जाईल. त्यामुळे ओळख नमुन्याच्या अंगावरूनच पटवायची आहे.

रंगाचा उपयोग नाही. स्पिरिटमध्ये पिवळं रंगद्रव्य उतरून जातं आणि हिरवा साप निळसर दिसायला लागतो. फॉर्मॅलिनमध्ये मुरवलेल्या जुन्या नमुन्यांतून डीएनए मिळवणंही कठीण. उरतं ते नाकाचं टोक आणि खवले. पण नाकाचा तो मांसल शेंडा इतकी वर्षं द्रवात राहून आकसतो का, वाकतो का? त्याची लांबी डोक्याच्या लांबीशी ताडून पाहिली तर विश्वास ठेवण्याजोगी असते का? ज्यांनी असे नमुने हातात घेऊन मोजलेत, त्यांच्या अनुभवाची मला सर्वांत जास्त गरज आहे.

दुसरी अडचण नावांची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कॅटलॉगांत आपला हरणटोळ ड्रायोफिस मिक्टेरिझान्स म्हणून येतो. आज मिक्टेरिझान्स हे नाव आग्नेय आशियातल्या वेगळ्याच जातीचं आहे. संगणक आपोआप नावं जुळवतो तेव्हा तो साप थेट भारतात येऊन बसू शकतो. अशा नोंदी गाळाव्यात, की मूळ लेबलाचा फोटो मागवून दुरुस्त कराव्यात? मी दुसऱ्या मताचा आहे, कारण जुनी नोंद गेली की त्या जागेचा त्या काळचा पुरावाच जातो.

तिसरी गोष्ट ठिकाणांची. लेबलवर नुसतं ‘बॉम्बे’ असतं. ते शहर, की इलाखा? इलाखा म्हटला तर एके काळी सिंधपासून कारवारपर्यंतचा सगळा मुलूख त्यात येत होता. अशा नोंदीला शहराचे अक्षांश-रेखांश चिकटवले की नकाशावर एक देखणा पण खोटा ठिपका उमटतो. सध्या मी त्या नकाशावर न घेता वेगळ्या यादीत ठेवतोय. संग्राहकाच्या रोजनिशीवरून किंवा संग्रहालयाच्या आवक-वहीवरून नेमकी जागा शोधून काढता आली असेल, तर ती पद्धत जरूर लिहा.

शेवटी सर्पमित्रांना विनंती. आंबोली, कोयना, महाबळेश्वर, भीमाशंकर, फणसाड या बाजूंना हरणटोळाचे फोटो काढले असतील तर डोकं बाजूने स्पष्ट दिसणारे द्या, सोबत ठिकाण, अंदाजे उंची आणि महिना. फोटोसाठी साप पकडू नका, फांदीवर आहे तसाच टिपलेला चालेल. फोटो जिवंत सापाचे असल्याने नाकाचा शेंडा मुळात किती लांब असतो ते त्यांवरून कळेल आणि बाटलीतल्या नमुन्यांची मापं त्याच्याशी ताडून पाहता येतील.