गूगल स्कॉलरवर एच-इंडेक्स ६, स्कोपसवर २ : अर्जात कोणता लिहायचा?

दापोली_समाजशास्त्र
आमच्या महाविद्यालयातल्या समाजशास्त्राच्या मॅडमचा कॅसचा (प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या योजनेचा) अर्ज भरायचा आहे. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं पारंपरिक जाळं) आणि पर्ससीन (यांत्रिक बोटींवरचं मोठं जाळं) वाल्यांमधला संघर्ष, आंबा बागांतले मजूर, मुंबईचे चाकरमानी हे त्यांचे विषय. २३ लेख, त्यांतले ९ मराठी, शिवाय एक पुस्तक. पुस्तक स्कॉलरवर तीन वेगवेगळ्या नोंदींत दिसतं. मराठी लेखांपुढे सायटेशन (इतरांच्या लेखनातले संदर्भ) शून्य, पण पीएचडीच्या प्रबंधांत त्यांचे संदर्भ आहेत हे नक्की. स्कॉलरवरचे सायटेशनचे आकडे उतरत्या क्रमाने : ३१, १४, १२, ९, ७, ६, ३, २. कुठला इंडेक्स खरा धरायचा?

ग्रंथपाल_कुडाळ
दोन्ही खरे. एच-इंडेक्स ६ म्हणजे प्रत्येकी निदान सहा सायटेशन असलेल्या सहा नोंदी. स्कोपस ही सायटेशनची सूची फक्त तिने स्वतः निवडलेल्या नियतकालिकांतली आणि थोड्या पुस्तकांतली सायटेशन मोजते. स्कॉलर प्रबंध, अहवाल, परिषदांतले निबंध सगळं धरतं. कोकणच्या मच्छीमारांवरचं लेखन मुख्यतः पुस्तकांत आणि प्रबंधांतच उद्धृत होतं, त्यामुळे एवढी तफावत साहजिक आहे. आकड्यापुढे स्रोत आणि पाहिल्याची तारीख लिहा. नुसता ‘एच-इंडेक्स ६’ लिहिला तर त्याला अर्थ नाही.

पण आधी त्या तीन नोंदी बघा. ३१, ९ आणि ७ या पुस्तकाच्याच असतील, तर एकत्र केल्यावर यादी होईल ४७, १४, १२, ६, ३, २. चौथ्या नोंदीला ६, पाचवीला ३. म्हणजे इंडेक्स ६ वरून ४ वर येतो! एकाच प्रबंधाने दोन नोंदींना सायटेशन दिलं असेल तर ४७ चेही थोडे कमी होतील. तरीही मर्ज कराच. एकच पुस्तक तीनदा मोजून आलेला इंडेक्स समितीतला कुणीही जाणकार प्रोफाइल उघडताच ओळखेल, आणि मग उरलेल्या चांगल्या कामावरही संशय येतो.

कृती : प्रोफाइलमध्ये तिन्ही नोंदींपुढच्या चौकटी टिक करा, वर ‘मर्ज’ येईल, बरोबर शीर्षक-वर्ष असलेली नोंद निवडून सेव्ह करा. चुकलं तर वेगळं करता येतं. सेटिंगमध्ये नवे लेख आपोआप जोडू देऊ नका, ईमेलवर विचारून जोडायचा पर्याय ठेवा. ‘एस. सावंत’ अशा नावाखाली डॉक्टरांचे लेखही येऊन बसतात.

संदर्भसूची
स्कोपसवर एकाच व्यक्तीचे दोन लेखक-क्रमांक आहेत का ते पाहा. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं आद्याक्षर आहे की नाही, एवढ्यावरून लेख विभागले जातात. दुरुस्तीची विनंती मोफत करता येते. सोबत १६ अंकी ऑर्किड (संशोधकाचा ओळख-क्रमांक) काढून सगळीकडे तोच जोडा.

मराठी लेखांचं दुखणं वेगळं आहे. बहुतेक अंक श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लावलेले असतात. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी आली तर ठीक. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा आला तर यंत्रालाही तोच दिसतो. प्रकाशकाची परवानगी घेऊन लेख युनिकोडमध्ये पुन्हा लावा : शीर्षक पहिल्या पानावर सगळ्यांत मोठ्या अक्षरात, लगेच खाली लेखकाचं नाव, फाइल ५ एमबीच्या आत. संदर्भांच्या डोक्यावर ‘रेफरन्सेस’ हा शब्द रोमन लिपीत, स्वतंत्र ओळीवर द्या.

दापोली_समाजशास्त्र
चिवडाच आला. मग प्रबंधांतले संदर्भ कसे दाखवू?

संदर्भसूची
हाताने. शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) प्रबंध प्रकरणवार वेगळ्या फायलींत असतात, संदर्भसूचीची फाइल शेवटाकडे मिळते. तक्ता करा : प्रबंधाचं शीर्षक, विद्यापीठ, वर्ष, पान क्रमांक, मॅडमचा कोणता लेख. प्रत्येक पानाची छापील प्रत जोडा. हा तक्ता स्कॉलरच्या आकड्यात मिसळू नका, वेगळं परिशिष्ट ठेवा.

ग्रंथपाल_कुडाळ
एक मुद्दा राहिला. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीतल्या संशोधन-गुणांच्या तक्त्यात सायटेशनला गुणच नाहीत. सामाजिक शास्त्रांत लेखाला १० गुण, दोन लेखक असतील तर प्रत्येकी ७०%, म्हणजे ७. नियतकालिकाला इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) असेल तर वाढीव गुण मिळतात. तो नियतकालिकाचा असतो, मॅडमचा नव्हे, त्यामुळे एच-इंडेक्सच्या रकान्यात टाकू नका. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, म्हणून जुन्या लेखांसाठी तो लेख छापून आला त्या वर्षी नियतकालिक यादीत होतं याचा पुरावा आत्ताच शोधून फाइलला लावा.