धाकटी जाऊ शाळेची नोकरी सोडून पूर्णवेळ कॉमेडी व्हिडिओ करणार म्हणते. सोडावी का?

पारोळ्याची थोरली:
घरात पंधरा दिवस हाच विषय चालू आहे, म्हणून इथे विचारते. माझी धाकटी जाऊ खासगी इंग्रजी शाळेत शिकवते. पगार १२ हजार, मे महिन्याचा मिळत नाही. तीन वर्षांपासून ती अहिराणीत सासू-सून, देरानी-जेठानी असे दोन-दोन मिनिटांचे विनोदी व्हिडिओ करते. सासू तीच, सून तीच, नणंदही तीच. पदर, चष्मा आणि गाऊन तेवढा बदलतो. मोबाइल माठाच्या तिवईवर टेकवलेला. युट्यूबवर सबस्क्रायबर दीड लाखाच्या वर गेलेत.

जूनपासून तिला शाळा सोडायची आहे. दीर तिच्या बाजूने, आमचे हे विरोधात, सासरे काहीच बोलत नाहीत. मला वाटतं व्हिडिओ करावेत, नोकरी सोडू नये. आता खरं सांगते, माझी अडचण वेगळीच आहे. व्हिडिओत पाहुणे आले की पेढ्याचा डबा पिठाच्या कोठीत लपवणारी जेठानी म्हणजे मी, आणि हे अख्ख्या गल्लीला कळलंय.

रावेरचा केळीवाला:
वहिनी, अजिबात सोडू देऊ नका. केळीचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक, हे मी रोज बघतो. पण निदान घड माझ्या बागेत असतो. हिचा माल दुसऱ्याच्या बागेत लावलेला. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं तेव्हा आमचा भाचा दोन दिवस जेवला नव्हता. एवढे जमवलेले फॉलोअर, सकाळी उठून बघतो तर काही नाही.

शिरपूरची ताई:
आणि त्या शाळेने उद्या नको म्हटलं तर? ती बाग कोणाची?

रावेरचा केळीवाला:
ताई, शाळा गेली तर दुसरी शाळा मिळते. डीएडवाली बाई घरी बसत नाही.

शिरपूरची ताई:
१२ हजारांत?

धुळेकर हिशोबनीस:
भावनेचं बाजूला ठेवा, आधी हे बघा. दोन मिनिटांचा उभा व्हिडिओ आता शॉर्ट धरला जातो. १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंतचे उभे व्हिडिओ शॉर्टमध्ये गेले. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा करणाऱ्याला मिळतो. शॉर्टचं गणित निराळं: सगळ्यांचे पैसे एका हौदात, गाणं वापरलं असेल तर त्याचा भाग आधी बाजूला, मग पाहिलेल्या संख्येनुसार वाटणी आणि त्यातले ४५ टक्के हातात. म्हणून दहा लाख लोकांनी पाहिलेला शॉर्ट आणि दहा लाख लोकांनी पाहिलेला लांब व्हिडिओ यांची कमाई एका तराजूत तोलूच नका.

जाऊबाईंनी निदान आठ मिनिटांचे आडवे भाग करावेत, म्हणजे मध्येही जाहिरात बसते. सहा महिने शाळा सांभाळून ते करून बघावं. जमलं तर राजीनामा. घाई कशाची आहे?

उधना, सुरत:
आम्हनी माय रोज देखस तुम्हनी देरानीले. इथे लिंबायत-उधन्याकडे खान्देशातली किती घरं आहेत, ते येऊन बघा. माझी पोरं घरात हिंदी-गुजराती बोलतात. पेढ्याच्या व्हिडिओनंतर सहा वर्षांची पोरगी आजीला विचारत होती, "पेढा कोनी खादा व माय?" बाकी मला काही कळत नाही. बंद करू नका म्हणावं.

निवृत्त, चाळीसगाव:
मी जुन्या वळणाचा माणूस आहे, राग मानू नका. दोन आक्षेप आहेत. पहिला म्हणजे अहिराणी आता फक्त हसण्यापुरती उरली. गंभीर बोलायचं तर पुस्तकी मराठी आणि कोणी पडलं-धडपडलं की अहिराणी. पोरांना वाटतं ही भाषा अडाण्यांचीच. दुसरा असा की सासू नेहमी खाष्ट आणि सून नेहमी बिचारी. ज्या माउलीने कपाशी वेचून घर उभं केलं, तिची टवाळी करून पैसे कमवायचे, हे काही मनाला पटत नाही.

शिरपूरची ताई:
काका, पहिल्या आक्षेपात दम आहे, मान्य. दुसरा नाही पटत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरींनी झोक्यावर बसून सासू-नणंदेची जितकी काढली आहे, तितकी एकाही व्हिडिओत नसेल. तेव्हा घरातले पुरुष ओट्यावर बसून ऐकत असत. आणि लग्नात, जत्रेत पुरुष लुगडं नेसून खाष्ट म्हातारी व्हायचा तेव्हा सगळ्यांत पुढे कोण बसायचं? युट्यूबवरही मिशा काढून 'माय' झालेले बाप्ये कमी नाहीत. त्यांना कोणी घराण्याची इज्जत विचारत नाही. बाईने बाईची नक्कल केली की मात्र माउली आठवते.

निवृत्त, चाळीसगाव:
झोक्यावरचं गाणं गल्लीत राहायचं. हे सुरतेत, दुबईत, सगळीकडे जातं आणि पुसलं जात नाही. फरक आहे की नाही?

शिरपूरची ताई:
आहे. तो मला महागात पडलाय, म्हणूनच आता सविस्तर लिहिते.

मीही हेच करते, पाच वर्षं झाली. पोरगा साडेतीन वर्षांचा असताना बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घातलेल्या गच्चीवर तो रडला, मी शूट करून टाकलं. खूप चाललं. आता तो तिसरीत आहे आणि वर्गातली पोरं त्याला तसंच रडून दाखवतात. तेव्हापासून व्हिडिओत पोरगा नाही. दुकानाच्या उद्घाटनाला बोलावतात, ठरलेले पैसे आणि वर साडी असं सांगतात. पुष्कळदा साडीच मिळते. रमीच्या ॲपवाल्यांनी एका मिनिटाच्या जाहिरातीला माझ्या तीन महिन्यांच्या कमाईएवढे पैसे सांगितले होते. मी नाही म्हटलं, नवरा महिनाभर टोचून बोलला. २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती बंद झाल्या, तेव्हा गप्प झाला.

थोरल्या ताई, नोकरी सोडावी की नाही हे नंतर. आधी जाऊला एवढंच विचारा: चॅनेल कोणाच्या ईमेलवर आहे? ॲडसेन्सचं, म्हणजे ज्या खात्यातून जाहिरातीचे पैसे येतात त्याचं, पिनचं पाकीट पोस्टाने आलं त्यावर नाव कोणाचं होतं? माझं भावाच्या मेलवर होतं. भांडण झालं तेव्हा पासवर्ड त्याच्याकडे आणि चेहरा माझा.

रावेरचा केळीवाला:
हे जरा जास्त होतंय. नवरा-बायकोत कसलं तुझं-माझं? सातबारा काय रोज बदलतो का कोणी?

शिरपूरची ताई:
सातबाऱ्यावर तुमच्या घरातल्या बाईचं नाव आहे का, भाऊ?

पारोळ्याची थोरली:
विचारलं. पाकिटावर दिरांचं नाव. मेल आयडी त्यांचा कॉलेजातला, त्यात क्रिकेटरचं नाव आहे. पैसे त्यांच्याच खात्यात येतात. जाऊ म्हणे, मी कधी बघितलंच नाही. मी तिच्या नोकरीची काळजी करत होते. निदान तो १२ हजारांचा पगार तरी तिच्या नावावर जमा होतो.

धुळेकर हिशोबनीस:
ॲडसेन्स एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. तिच्या नावाने नवीन उघडायचं आणि चॅनेलला जोडायचं. चॅनेलची मालकीही तिच्या मेलवर घ्या. हे माझ्या आधीच्या सल्ल्यात पहिलं यायला हवं होतं. आणखी एक, फुकट मिळालेल्या साड्या-मिक्सरही उत्पन्नच असतात. एकाच कंपनीकडून वर्षाला २० हजारांच्या वर गेल्या तर तिने १० टक्के टीडीएस भरायचा असतो. वही ठेवा.

निवृत्त, चाळीसगाव:
माझं मत बदललेलं नाही. पण खातं तिच्या नावावरच हवं. राबणारी ती आहे.

पारोळ्याची थोरली:
दीर दोन दिवस फुगले होते, आज जुन्या मेलचा पासवर्ड शोधताहेत. जूनचं अजून ठरलेलं नाही; आठ मिनिटांचा पहिला भाग रविवारी करणार आहेत. सासूबाईंना विचारलं, तुमची नक्कल चालेल ना? त्यांचा आक्षेप एकच निघाला. व्हिडिओतली सासू रंग उडालेलं लुगडं नेसते. म्हणाल्या, "मन्हं लुगडं चांगलं दखाड." आता त्यांचं लग्नातलं जरीचं लुगडं पेटीतून काढलंय.

पेढ्याचा विषय मात्र कोणीच काढला नाही.