मदत हवी आहे : ‘रेड स्टार’ पदकाचा मूळ मानकरी कसा शोधायचा?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सोव्हिएत ‘ऑर्डर ऑफ द रेड स्टार’ आहे. लाल मिन्याचा तारा, मध्ये रायफलधारी सैनिक. मागे टाकसाळीचा ठसा आणि हाताने कोरलेला क्रमांक, ३५ लाखांच्या पुढचा. सोबतची पुस्तिका मात्र नाही, म्हणजे नावाचा पत्ताच नाही.

‘पोद्विग नरोदा’ हे रशियन संरक्षण खात्याचं संकेतस्थळ चाळलं. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या शौर्याची मूळ शिफारसपत्रं वाचायला मिळतात, पण त्यासाठी आधी नाव हवं! क्रमांकावरून नाव काढायचं तर मॉस्कोजवळच्या पोदोल्स्कच्या लष्करी अभिलेखागारातलं नोंदकार्ड लागतं. ते बाहेरच्या माणसाला मिळतं का? कोणी संशोधकामार्फत मागवलंय का? साधारण खर्च किती येतो?

दुसरी शंका. १९४४ ते १९५७ या काळात हेच पदक १५ वर्षांच्या सेवेबद्दलही देत. इतका मोठा, म्हणजे उशिराचा, क्रमांक पाहता माझं त्यातलंच असावं असं वाटतं. तसं असेल तर कार्डावर पराक्रमाची हकीकत नसेल, पण माणूस कळला तरी मला पुरे. नुसता धातू जमवण्यात मला रस नाही.

रशियात सरकारी पदकांची खरेदी-विक्री गुन्हा आहे, त्यामुळे तिथल्या विक्रेत्यांचे पत्ते कृपया नकोत.

जाता जाता : इराणमार्गे रशियाला रसद पोहोचवणाऱ्या भारतीय सैन्यातल्या सुभेदार नारायणराव निक्कम आणि हवालदार गजेंद्रसिंह यांनाही हा सन्मान मिळाला होता. त्यांच्या शिफारसपत्रांबद्दल कोणाला माहिती असेल तर तीही सांगा.