मूळ गाणे आणि नंतर गाजलेले गाणे : आपले अनुभव लिहावेत

पुष्कळदा एखादे पद मूळ गायकाआधी दुसऱ्याच कोणाच्या गळ्यातून आपल्या कानात बसते आणि पुढे मूळ ऐकताना तेच परके वाटू लागते. पुण्यातील नाट्यसंगीताच्या श्रोत्यांनी याविषयीचे आपले अनुभव लिहावेत, ही विनंती. सुरुवात मी करतो.

'स्वयंवर' (१९१६) नाटकातील पदे मी प्रथम ऐकली ती शास्त्रीय गायक कुमार गंधर्वांच्या 'मला उमजलेले बालगंधर्व' या, बालगंधर्वांची पदे आपल्या पद्धतीने गायलेल्या कार्यक्रमातून. पुढे शनिवार पेठेत आजोबांच्या ग्रामोफोनवर ही पदे मूळ गाणाऱ्या बालगंधर्वांची तबकडी लागली, तेव्हा खरखरीमागचा तो आवाज मला फार साधा वाटला. तिसऱ्यांदा ऐकताना मात्र लक्षात आले की, बालगंधर्व शब्द ठेक्यावर आपटत नाहीत. तो किंचित मागे रेंगाळत ठेवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अलगद येतात. कुमारांनी त्याची नक्कल केलेली नाही, आणि 'उमजलेले' हा शब्द किती जपून निवडला आहे, हे मला त्या दुपारी कळले.

• कोथरूडहून : माझ्या पिढीला 'कट्यार काळजात घुसली' भेटली ती २०१५ च्या चित्रपटातून. त्यातील खाँसाहेब या गायक पात्राला राहुल देशपांडे यांचा आवाज आहे. १९६७ च्या नाटकात तीच भूमिका त्यांचे आजोबा वसंतराव देशपांडे करीत. चित्रपटातला भरगच्च वाद्यमेळ मला आजही आवडतो, पण नाटकाचे संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांची 'घेई छंद मकरंद'ची चाल वसंतरावांच्या गळ्यातून ऐकताना पुढची तान कुठे वळेल याचा अंदाज येत नाही आणि मी बसमध्ये आपोआप ताठ होऊन बसतो.

• नारायण पेठेतून : माझ्या आईसाठी मूळ गाणे म्हणजे तिने प्रथम ऐकलेले गाणे, आणि त्यावर तिच्याशी वाद घालणे मी सोडून दिले आहे.

• सहकारनगरहून : मी गाणे शिकवते, आणि नाट्यपदाला 'मूळ' हा शब्द लावताना मला संकोच वाटतो. रंगभूमीवर बालगंधर्वांना वन्समोअर मिळत असे आणि तेच पद पुन्हा गाताना ते वेगळे फुलत असे. तबकडीत त्यातली जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावली. माझ्या वर्गातील मुली 'स्वयंवर'मधील 'मम आत्मा गमला' म्हणताना तबकडीतली हरकत (स्वरांची छोटी नक्षी) त्याच जागी, त्याच वजनाने घेऊ लागल्या की मी त्यांना आठवडाभर ती तबकडी बंद ठेवायला सांगते आणि नुसता बिहाग, म्हणजे त्या पदाचा राग, गाऊन घेते.