रिले बंद न होण्याचे खरे कारण

ईएसपी८२६६ या वाय-फाय मायक्रोकंट्रोलरला दिवा चालू-बंद करण्यासाठी जोडलेला रिले (विजेने चालणारा स्विच) चालू होतो पण बंद होत नाही, या अडचणीवर मायक्रोकंट्रोलरच्या पिनपासून रिलेपर्यंतच्या वाटेत आणखी एक रेझिस्टर घालण्याचा उपाय सुचवला गेला आहे. मला तो वरवरचा वाटतो. ऑप्टोकपलर (प्रकाशाने संकेत पोहोचवून दोन सर्किट वेगळी ठेवणारा भाग) नसलेल्या, पिन शून्यावर गेल्यावर चालू होणाऱ्या स्वस्त रिले मॉड्यूलमध्ये बहुधा पीएनपी ट्रान्झिस्टर (बेस एमिटरपेक्षा खाली गेला की चालू होणारा) असतो, आणि त्याचा एमिटर ५ व्होल्टवर असताना पिनने ३.३ व्होल्ट दिले तरी १.७ व्होल्टचा फरक उरतो, जो त्याला चालू ठेवण्यास पुरेसा असतो. त्यापेक्षा बीसी३३७सारखा एनपीएन ट्रान्झिस्टर (बेस वर गेला की चालू होणारा), त्याच्या बेसला १ किलोओहमचा रेझिस्टर आणि रिलेच्या कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड ही जोडणी भरवशाची आहे. ५ व्होल्टच्या नेहमीच्या निळ्या रिलेची कॉइल सुमारे ७० मिलिअँपिअर घेते, त्यामुळे ती थेट पिनला जोडण्याचा विचारही करू नये. मायक्रोकंट्रोलर सुरू होतानाच दिवा लुकलुकू नये म्हणून त्याची जीपीआयओ ४ किंवा ५ क्रमांकाची पिन वापरावी.

२३० व्होल्टच्या बाजूला मात्र न्यूट्रल नव्हे, तर फेजच रिलेच्या संपर्कातून न्यावी. अन्यथा दिवा बंद दिसत असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत राहते.