डिक्शनरीला डॉट लावून पाहिलेल्यांनो, अनुभव लिहा

आमच्या टीममध्ये जुनं भांडण पुन्हा उकरून निघालंय. पायथॉनच्या डिक्शनरीतून (म्हणजे डिक्ट, किल्ली-मूल्याच्या जोड्यांचा साठा) एक साधं मूल्य काढायचं तर चौकटी कंस, अवतरण, किल्ली, पुन्हा अवतरण, पुन्हा कंस. जावास्क्रिप्टवाले नुसता डॉट देऊन मोकळे! तुम्ही काय करता? 'गूगल करा' छाप प्रतिसाद नकोत.

——

सिंपलनेमस्पेस, म्हणजे डॉटने मूल्यं देणारा तयार क्लास. पायथॉन ३.३ पासून टाइप्स मॉड्यूलमध्ये आहे. जेसन (मजकूररूपातला डेटा) वाचताना ऑब्जेक्ट हुक या पर्यायाला एक लॅम्डा (छोटं फंक्शन) दिला की आतले थरही डॉटने उघडतात. वेगळी लायब्ररी लागतच नाही.

——

@वरचे, किल्लीचं नाव 'क्लास' असेल तर? आमचा डेटा शाळाप्रवेशाचा, त्यामुळे नोंदीगणिक तीच किल्ली. तो भाषेचा राखीव शब्द, म्हणजे डॉट दिला की सिंटॅक्स एरर. मग गेटॲट्र फंक्शन लिहायचं, जे कंसापेक्षाही लांबलचक. हायफनवाल्या किल्ल्यांची तीच गत.

——

माझा अनुभव जरा मोठा आहे.

बिलांचा प्रोजेक्ट माझ्याकडे आला तेव्हा किल्ल्या डॉटने देणारा डिक्टचा एक वारसदार क्लास त्यात आधीपासून होता. एपीआयमधून मालाची यादी 'आयटम्स' या किल्लीखाली यायची. 'बिल डॉट आयटम्स' वर फॉर लूप फिरवला तर एरर: म्हणे मेथडवर लूप चालत नाही! कारण त्या क्लासच्या गेटॲट्र मेथडला पायथॉन विचारतो ते अगदी शेवटी, नेहमीच्या शोधात काही सापडलं नाही तरच. डिक्टची स्वतःची आयटम्स मेथड तर आधीच हजर असते.

जँगो या वेब फ्रेमवर्कच्या टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) बरोब्बर उलटं. तिथे डॉट दिसला की आधी किल्ली शोधतात, मग ॲट्रिब्यूट (ऑब्जेक्टला चिकटलेलं नाव, मेथडही त्यातच). आमच्या एका व्ह्यूमधून (टेम्प्लेटला डेटा देणारा कोड) डीफॉल्टडिक्ट, म्हणजे नसलेली किल्ली मागताच तयार करणारा डिक्ट, जात होता. टेम्प्लेटने 'आयटम्स' मागितलं, डीफॉल्टडिक्टने इमानेइतबारे त्या नावाची रिकामी यादी तयार करून दिली. पान कोरं, एरर शून्य, लॉगही स्वच्छ. व्ह्यूमध्येच साधा डिक्ट करून पाठवला तेव्हा पान भरलं.

एरर देणारा बग परवडला, हा नको.

——

स्वतःचा क्लास लिहिणाऱ्यांसाठी: किल्ली नसेल तर गेटॲट्र मेथडमधून कीएरर बाहेर जाऊ देऊ नका, ॲट्रिब्यूटएरर द्या. हॅजॲट्र (ॲट्रिब्यूट आहे का ते तपासणारं फंक्शन) फक्त तोच गिळतो. डीपकॉपीही (आतल्या थरांसकट नक्कल) याच कारणाने आपटते आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

——

ॲडिक्ट लायब्ररी वापरणारे कुणी? नसलेली किल्ली मागितली की ती रिकामी डिक्शनरी देते. खोल कॉन्फिग भरताना मस्त, वाचताना मात्र धोका. एका क्लायंटच्या कोडमध्ये 'टाइमआउट'चं एक अक्षर गळालं होतं, कुणालाच पत्ता नाही.

——

ॲट्रडिक्ट नावाचं पॅकेज असेल तर पायथॉन ३.१० वर जाण्याआधी काढा. ते मॅपिंग हा क्लास थेट कलेक्शन्स मॉड्यूलमधून आणतं, आणि ती वाट त्या आवृत्तीत बंद झाली. इम्पोर्टलाच धराशायी.

——

किल्ल्या आधीच माहीत असतील तर ही कसरत कशाला? ३.७ पासून डेटाक्लास आहे, नाव चुकलं की एडिटरच लाल रेघ मारतो. बाहेरून काहीही येऊ शकणाऱ्या डेटाला मी कंसच वापरतो. बोटं झिजत नाहीत.

——

पांडासवाल्यांनो (तक्त्यांची लायब्ररी), 'डीएफ डॉट नवा कॉलम' असं लिहून डीएफ या तक्त्यात कॉलम तयार होत नाही, नुसतं ॲट्रिब्यूट चिकटतं. वाचायला डॉट चालतो, पण कॉलमचं नाव 'काउंट' किंवा 'साइझ'सारखं तक्त्याने आधीच घेतलेलं नसेल तरच.

——

@बिलवाले, जिंजा या दुसऱ्या टेम्प्लेट भाषेमध्ये क्रम पुन्हा उलटा बरं का! डॉट असेल तर आधी ॲट्रिब्यूट, मग किल्ली; कंस असेल तर आधी किल्ली. जँगोतलं टेम्प्लेट तिकडे नेताय तर 'आयटम्स' पुन्हा तपासा.